च्युइंगगमची वेष्टने : एका छंदाची हकीकत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा माझी समजूत अशी झाली की, मला कामगार कायद्यांवर बोलावयाचे आहे. बोनस, कंत्राटी पद्धत, नव्या संहिता ह्या विषयांवर मला झोपेतून उठवून उभे केले तरी दोन तास बोलता येते. माझे सहकारी तर म्हणतात की, बोलतानाही मी झोपेतच असतो. पत्र पुन्हा वाचले तेव्हा कळले की, मंडळींना माझा छंद हवा आहे. मी लहानपणापासून च्युइंगगमची वेष्टने जमवीत आलो आहे, ही बातमी त्यांना कोणी पुरविली ते मला ठाऊक आहे. तो गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे. असो.

मजजवळ आज चार हजारांच्या आसपास वेष्टने आहेत. अकरा वह्या आणि तुपाचा एक डबा एवढ्यात ती मावतात. ती विकावयास काढली तर रद्दीवाला वजनही करणार नाही. पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याला समाजात मान आहे, नाणी जमविणाऱ्याला तर लोक इतिहाससंशोधक म्हणतात. माझ्यासारखा माणूस रस्त्यात वाकलेला दिसला की विचारतात, "काही पडलं का हो तुमचं?" पन्नाशी उलटल्यावर ह्या प्रश्नाचे उत्तर देणे फार कठीण जाते. अमेरिकेतल्या एका गृहस्थाने १९६५ साली शाळकरी वयात गमच्या वेष्टनांच्या घड्या घालून साखळी करावयास घेतली. ती वीस लाखांहून अधिक वेष्टनांची झाली आणि जागतिक विक्रमांच्या पुस्तकात गेली. तो घड्या घालतो, मी घड्या मोडतो. तेव्हा वेड एकच असले तरी पंथ निराळे आहेत.

परळच्या ज्या चाळीत मी वाढलो तिथे पोरांचे चलन रिझर्व्ह बँकेचे नव्हते. सिगारेटची रिकामी पाकिटे हे आमचे चलन. चारमिनारचे पाकीट सर्वांत हलके, कारण ते प्रत्येक गिरणी कामगाराच्या खिशात असावयाचे. विल्सला भाव अधिक, आणि परदेशी पाकीट हाती लागले तर तो पोरगा त्या दिवसापुरता शेठ. रिंगणात पाकिटे मांडावयाची आणि लांबून चपटा दगड मारून ती बाहेर उडवावयाची, असा खेळ. माझा नेम अतिशय वाईट. आठवड्याला दोनदा माझे दिवाळे निघे. म्हणून ज्याच्यावर कोणी दगड मारीत नाही असे काहीतरी आपण जमवावे, असे मी ठरविले. ह्या छंदाच्या मुळाशी सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. नेम चुकत होता, एवढेच.

माझा एक चुलतभाऊ गोदीत कामाला होता. १९७९ साली त्याने मला एक पिवळा कागद आणून दिला. कोणा खलाशाने चिंगम तोंडात टाकून कागद धक्क्यावर टाकला होता. (च्युइंगगम हा शब्द मी पुढे शिकलो. आमच्या चाळीत ते चिंगमच होते आणि मनात अजून तेच आहे.) त्या कागदाला फळांचा वास येत होता. मी तो आठ दिवस उशाखाली घेऊन झोपलो. इंग्रजी मला येत नव्हते. शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी अक्षरे लावून सांगितले, "जूसी फ्रूट. रिगली कंपनी. शिकागो." शाळेच्या नकाशात मी शिकागो शोधले. भूगोलातले माझे पहिले गाव हे असे चिंगमच्या कागदावरून सापडले.

पुढच्याच वर्षी वडिलांचा हात धरून मी १ मेच्या सभेला गेलो. तिथे वक्त्याने पुन्हा शिकागोचे नाव घेतले. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ साली तिथले कामगार उठले, हेमार्केटच्या चौकात बाँब फुटला, आणि पुढल्या वर्षी नोव्हेंबरात चार पुढाऱ्यांना फाशी दिले गेले, हे त्याने सांगितले. मला वाटले, शिकागो नावाची दोन गावे असणार. एका गावात फळांच्या वासाचे पिवळे कागद होतात आणि दुसऱ्या गावात माणसांना फासावर चढवितात. गाव एकच आहे, आणि विल्यम रिगली नावाचा तरुण विक्रेता ३२ डॉलर घेऊन १८९१ साली, म्हणजे त्या फाशीनंतर चारच वर्षांनी, त्याच गावात साबण विकावयास आला, हे समजावयास मला बराच काळ लागला. साबणावर तो बेकिंग पावडर फुकट देई. पावडरीला अधिक मागणी आली तेव्हा तो पावडर विकू लागला आणि तिच्यावर च्युइंगगम फुकट देऊ लागला. मग गमलाच मागणी आली. फुकटचा माल मूळ मालाला खाऊन टाकतो, हा धडा आमच्या दिवाळी भेटींच्या बाबतीतही मी मालक लोकांना ऐकविला आहे. त्यांना तो आवडत नाही.

आता छंदाचे शास्त्र थोडे सांगतो, कारण शास्त्र सांगितल्याखेरीज व्याख्यानाला वजन येत नाही.

वेष्टन तीन प्रकारचे. दोन्ही टोकांना पीळ दिलेले, पाकिटासारखे चिकटविलेले, आणि पट्टीच्या गमचे. त्या शेवटल्या प्रकारात आत चांदीचा कागद, त्यावर छापील पट्टी आणि सर्वांवर बाहेरचे पाकीट. नवशिक्या माणूस मिळाले वेष्टन की त्यावर इस्त्री फिरवितो. ही चूक मीही केली. जुन्या कागदावर मेण असते. ते वितळते, चित्र इस्त्रीला जाते आणि मग बायकोच्या साडीला जाते. कागद कोमट पाण्यावर नुसता धरावा, बोटाने उलगडावा, आणि वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत घालून जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवावा. मी मराठी शब्दकोशाचा एक खंड ह्या कामी वापरतो. कधी कधी तो उघडूनही पाहतो. गमवरची पिठीसाखर मऊ कुंचल्याने झाडली पाहिजे, नाहीतर वहीत मुंग्यांची वसाहत होते. मुंबईच्या पावसाळ्यात कसर हा खरा शत्रू. वह्यांत वेखंडाचे तुकडे ठेवावेत.

वेष्टनाचे वय कसे ओळखावे, हे त्याहून गमतीचे. कारखान्याच्या पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचा. चौकोनातले हिरवे टिंब दिसले की २००१ किंवा त्यानंतरचा. अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आकडी परवाना असेल तर २०११ नंतरचा. पंचवीस पैसे किंमत छापलेली असेल तर ते नाणेच २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. काळ्या रेघांची जाळी असेल, तर तिची कुंडली मला तोंडपाठ आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी एका दुकानात ती जाळी यंत्राने पहिल्यांदा वाचली गेली. वस्तू कोणती? जूसी फ्रूटच्या दहा पाकिटांचा पुडा, किंमत ६७ सेंट. माझ्या पिवळ्या कागदाच्या घराण्यातला! तिथल्या दुकान-कामगारांच्या संघटना ह्या रेघांकडे संशयाने पाहात होत्या. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटविण्याचे काम जाणार हे त्यांना दिसत होते, आणि ते पुष्कळसे गेलेही.

तर अशी ही वेष्टने वाचता वाचता मी वाचावयास शिकलो. हे अलंकारिक बोलणे नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. ती का सुटली ते पुढे येईलच. लालबागच्या एका रद्दीच्या दुकानात मी तीन वर्षे कागद निवडले आणि तेच माझे कॉलेज. वेष्टनावरच्या शब्दांना मी रद्दीतल्या फाटक्या कोशात शोधी. त्या दुकानात मला एका जुन्या अमेरिकन मासिकातली जाहिरात सापडली होती. चित्रात गमचे नुसते रिकामे वेष्टन, आणि खाली ओळ, की हे वेष्टन लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धात चांगला माल मिळेना. जो होता तो रिगली कंपनीने सैन्याकडे पाठविला आणि घरच्या गिऱ्हाइकांना आपला नेहमीचा गम विकणेच बंद केले. विकावयाला माल नाही, म्हणून रिकाम्या कागदाचीच जाहिरात! माझ्या छंदाला ह्याहून मोठी मान्यता कोणी दिलेली नाही.

पण ह्याच कागदापायी माणसे मेलीही आहेत. १९७५ सालच्या मार्चमध्ये मॉस्कोत सोकोल्निकीच्या क्रीडागृहात कॅनडाच्या कुमार संघाचा बर्फावरील हॉकीचा सामना झाला. सोव्हिएत देशात तेव्हा च्युइंगगम होत नव्हते म्हटले तरी चालेल. परदेशी पाहुणे गम वाटतात म्हणून सामना संपल्यावर मुले एका दाराकडे धावली, आणि जिन्यात चेंगराचेंगरी होऊन २१ जण मेले, त्यांत बरीच कोवळी मुले होती. त्यानंतर वर्षभरात त्या सरकारने स्वतःचे गमचे कारखाने काढावयास आरंभ केला. ही हकीकत मला कळविली एस्टोनिया देशातल्या एका शिक्षिकेने. तिच्याशी माझी वेष्टनांची देवघेव चालते. तिच्या लहानपणी, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, तिकडची मुले तुर्कस्तानच्या 'टर्बो' गममधली मोटारींची चित्रे जमवीत, त्यांची चवड रचून तिच्यावर हाताचा तळवा मारीत, आणि जेवढी उलटली तेवढी ज्याची त्याची. मी तिला आमच्या रिंगणाचा खेळ कळविला. तिने विचारले, "तुमचा नेम कसा होता?" मी विषय बदलला.

वेष्टनावर किती गोष्टी लिहिलेल्या असतात पाहा. कंपनीचे नाव, कारखान्याचा पत्ता, किंमत, वजन, रंगाचा क्रमांक, तक्रार कुठे करावी तो दूरध्वनी. हे सर्व वाचून झाल्यावर माझ्यासारख्या माणसाला एक खोड लागते. तो विचारू लागतो की, हे केले कोणी? त्याचे उत्तर कागदावर नाही. म्हणून मी ते कागदाबाहेर शोधू लागलो आणि थेट मेक्सिकोच्या जंगलात जाऊन पोहोचलो. प्रत्यक्ष नव्हे, दादरच्या ग्रंथालयातून.

मेक्सिकोचा पदच्युत अध्यक्ष सांता आना हा १८६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कजवळ परागंदा होऊन राहिला होता. त्याच्याकडून टॉमस ॲडम्स नावाच्या माणसाला 'चिकले' नावाचा एक चीक मिळाला. त्यापासून रबर करून गाड्यांची चाके काढावीत असा बेत होता. रबर काही झाले नाही. मग ॲडम्सला आठवले की, मेक्सिकोतली माणसे हा चीक चघळतात, आणि त्याने गोळ्या करून विकल्या. १८७१ साली गम करण्याच्या यंत्राचे पेटंटही घेतले. पहिल्या आधुनिक च्युइंगगमचा जन्म हा असा फसलेल्या धंद्यातून झाला.

तो चीक कोणत्या झाडाचा? आपल्या चिकूच्या. होय, डहाणू-घोलवडच्या चिकूच्याच. ह्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाड मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले, आणि चिकू व चिकले ही दोन्ही नावे तिकडच्या नाहुआत्ल भाषेतून आलेली. कच्चा चिकू कापला की बोटांना जे पांढरे चिकटते ते हेच. मी डहाणूच्या एका बागायतदाराला हे सांगितले तर तो म्हणाला, "आम्ही फळ विकतो, चीक धुऊन टाकतो." तिकडे उलट. माणसे चिकासाठी झाडावर चढत आणि फळ माकडांना सोडून देत.

त्या माणसांना 'चिकलेरो' म्हणत. चीक वाहतो पावसाळ्यात. म्हणून पावसाचे महिने जंगलात राहावयाचे, कमरेला दोर बांधून झाडावर चढावयाचे, कोयत्याने खोडावर नागमोडी खाचा पाडीत जावयाचे, खाली पिशवीत चीक धरावयाचा, तो कढईत आटवावयाचा आणि ठोकळे पाडावयाचे. मजुरी वजनावर. कोयत्याचा घाव चुकून दोरावर बसला की माणूस खाली. जंगलात एक वाळूमाशी चावते आणि कानाला असा व्रण होतो की वर्षानुवर्षे बरा होत नाही, कानाची पाळी झडून जाते. त्या रोगाला नावच चिकलेरोचा व्रण असे पडले आहे. आपल्याकडे काळा आजार पसरविते तीही वाळूमाशीच. आणि हंगामाच्या आरंभी मुकादम उचल देई, ती हंगामाच्या अखेरीस कधी फिटत नसे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या ऊसतोड कामगारांची उचल मी जवळून पाहिली होती. तेच गणित साता समुद्रापलीकडे चाललेले होते. १९३० नंतरच्या दशकात तिकडे चिकलेरोंच्या सहकारी संस्था निघाल्या आणि स्थिती थोडी सुधारली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांनी खनिज तेलापासून केलेले कृत्रिम पदार्थ वापरावयास घेतले, आणि चिकलेरोचा धंदाच बसला. आज वेष्टनावर 'गम बेस' एवढे दोन शब्द असतात, आणि त्यात झाडही नसते, माणूसही नसतो.

ही झाली दूरची हकीकत. आता घरची सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो नुसता माणसांतून ओसरत गेला. माझे वडील साचेवाले होते. चार महिने भांडीकुंडी विकून निघाले. काही जण गावी गेले. आमच्या गावी जमीन नव्हती. जूनमध्ये माझी शाळा सुटली, आणि त्याच सुमारास चाळीतल्या बायकांनी घरी काम आणावयास सुरुवात केली. आमच्या घरी जे काम आले ते चिंगमचे होते.

एका ठेकेदाराचा माणूस हजार तुकड्यांची पिशवी आणि हजार छापील कागदांची गड्डी देऊन जाई. आईने आणि मोठ्या बहिणीने बसून एकेक तुकडा गुंडाळावयाचा, दोन्ही टोकांना पीळ द्यावयाचा. हजारामागे दीड रुपया. कागद कमी भरला तर मजुरी कापली जाई, कारण छापील कागद बाहेर गेले तर कोणी बनावट माल त्यात बांधील अशी मालकाला धास्ती. आईची बोटे इतकी चालत की पाहणाऱ्याला कागद दिसत नसे. खोलीभर केळ्याचा आणि स्ट्रॉबेरीचा वास. आजही तो वास आला की मला भूक लागते. गम खाण्याची नव्हे, भाकरीची.

माझी अवस्था काय झाली असेल ती विचारात घ्या. रस्त्यात पडलेले, चुरगळलेले, कोणाच्या तरी बुटाखालचे कागद उचलणारा मी, आणि माझ्या घरात हजार कोरी वेष्टने! घडी नाही, डाग नाही. छंदी माणसाला कोरे वेष्टन म्हणजे काय, हे छंदी माणसालाच कळेल. गड्डीत हिरवे, लाल आणि पिवळे असे रंग होते. मी प्रत्येक रंगाचे एक, अशी तीन काढली आणि इतिहासाच्या पुस्तकात ठेवली.

संध्याकाळी तुकडे उरले. आईने पुन्हा मोजले. बहिणीने चटई झटकली. ठेकेदाराचा माणूस आला, त्याने उघडे तुकडे पाहिले, आणि चाळीच्या गॅलरीत, सर्वांच्या देखत आईला म्हणाला, "चार कागद कुठे विकलेस?" आई काही बोलली नाही. त्याने मजुरी तर कापलीच, वर आठ दिवस काम दिले नाही. संपाच्या दिवसांतले आठ दिवस. त्या आठवड्यात आमच्याकडे भाताच्या पेजेवर दोन वेळा निघाल्या, आणि मी पाटीवरचे धडे गिरवीत बसलो होतो. चोराच्या मनात चांदणे म्हणतात, तसे चांदणे मी पुष्कळ वर्षे भोगले.

पण लक्षात घ्या, तो चार म्हणाला. मी तीनच घेतले होते. बारा वर्षांचा मी, अपराधाने अर्धा मेलेला, आणि तरी मनात एक कोपरा असा की, बघा, मालकाचा माणूस एक कागद जास्त लावतो! पुढे संघटनेत आलो तेव्हा हा चौथा कागद मी शेकडो गेट-सभांत वापरला आहे. "गरीब तीन चुकला तर ते चार मोजतात," हे माझे वाक्य ऐकून टाळ्या पडत. तीन कोणी घेतले, ते मात्र मी कधी सांगितले नाही.

२००८ साली उपनगरातल्या एका वस्तीत गोळ्या आणि गम गुंडाळणाऱ्या साठ-सत्तर बायकांचे काम मजकडे आले. दर वाढवून मिळावा, आणि आम्ही कामगार आहोत असे कोणीतरी लिहून द्यावे, एवढी मागणी. विडी वळणाऱ्या बाईला १९६६ च्या कायद्याने निदान घरबसल्या कामगार म्हणून ओळखले होते. गोळी गुंडाळणारीला तसा आधार नव्हता. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली एक करार केला. आपल्या देशाने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २००८ च्याच असंघटित कामगारांच्या कायद्यात त्यांची व्याख्या आली, पण व्याख्येने हजेरीपट होत नाही. मालकाचे म्हणणे ठरलेले : ह्या बायका आमच्या नव्हेत, आम्ही त्यांना ओळखत नाही. बायकांजवळ कार्ड नाही, पावती नाही, पगारपत्रक नाही. पुरावा कसला द्यावयाचा?

तेव्हा मला माझा छंद आठवला. बायकांच्या घरांतून मी कोरी वेष्टने गोळा केली. त्यांवर कारखान्याचा पत्ता होता, छपाईचा क्रमांक होता. बाजारातल्या मालावरचे वेष्टन चुरगळलेले असते; कोरे वेष्टन कारखान्यात असते किंवा कामगाराच्या घरी. हा मुद्दा मला फार बिनतोड वाटला होता. एका वहीत ती सर्व लावून, खाली तारखा घालून मी अधिकाऱ्यासमोर मांडली. त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. मालकाच्या वकिलाने वही चाळली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, "ही चोरीची नाहीत कशावरून?"

इतक्या वर्षांच्या सभांत मला कोणी गप्प केले नव्हते. त्या दिवशी मी गप्प झालो. उत्तर नव्हते असे नाही. माझ्याऐवजी दुसरा कोणी असता तर त्याने टेबलावर मूठ आपटली असती. पण मला एकदम आमच्या चाळीची गॅलरी दिसली आणि आईचा चेहरा दिसला. माझ्याबरोबरची एक बाई उठून म्हणाली, "साहेब, चोरायला आमच्या घरात कागद आणून ठेवले कोणी, ते विचारा." अधिकारी हसला. त्याने ते टिपून घेतले की नाही ते मी पाहू शकलो नाही. नऊ महिन्यांनी तडजोड झाली. दर थोडा वाढला, लेखी काही मिळाले नाही. दोन वर्षांनी कारखान्यात मिनिटाला शेकडो तुकडे गुंडाळणारे यंत्र आले आणि वस्तीतले काम बंद झाले. त्या बायका आता इमिटेशनचे दागिने जोडतात. त्या दागिन्यांवर तर वेष्टनही नसते. ती वही मजजवळ आहे. माझ्या अकरा वह्यांतली ती नववी.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी पहिली वही घेऊन तिच्याजवळ बसलो, ती तीन कोरी वेष्टने तिला दाखविली, आणि एवढ्या वर्षांनी सांगितले की, तो चोर मी होतो. तिने चष्मा पुसून ती पाहिली. म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं. इतिहासाच्या पुस्तकात होती. तुझ्या बापाला सांगितलं असतं तर त्याने तुला फोडून काढलं असतं."

मी म्हणालो, "पण बघ आई, मी तीनच घेतली होती. त्या माणसाने चार लावली."

"चारच होती," आई म्हणाली. "चौथं मी घेतलं होतं. जांभळं. त्या गड्डीत एकच होतं तसलं. रंग बघून ठेवावंसं वाटलं."

मग ती उठली. देवाच्या फळीवर एक पत्र्याची डबी असते, तिच्यात अंगारा, माझ्या बहिणीच्या लग्नातली एक बांगडी आणि वडिलांचा गिरणीचा बिल्ला असतो. डबीच्या तळाशी चौघडी केलेला तो कागद होता. घडीवर पांढरी रेघ पडली होती, पण रंग अगदी ताजा. माझ्या चार हजारांत तसला नाही. वहीत तीन कागदांशेजारी चौथ्याची जागा चांगली मोकळी होती. मी म्हणालो, "दे, इथे लावून ठेवतो."

तिने घडी पुन्हा घातली आणि डबीत ठेवून दिली. म्हणाली, "नको. तुझ्या वह्यांना कसर लागते."